पायाखालची वाळू सरकते तेव्हा

पावसाळी समुद्राच्या लाटा दगडी बंधारे आणि काँक्रीटच्या भिंती फोडतात, त्या नुसत्या जोरावर नव्हे. भिंत पाडण्याचे त्यांचे बरेचसे काम पायथ्याशी, आपल्या डोळ्यांआड चाललेले असते.

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत समुद्राचा विषय निघावा असे काही कारण नाही. येथे रोलिंग मिल आहेत, तापून लाल झालेल्या लोखंडातून सळ्या निघतात, धुराचे लोट आहेत आणि मालट्रकांच्या रांगा आहेत. सर्वांत जवळचा समुद्र पाहायचा तर पुरीला जाणाऱ्या गाडीत रात्र काढावी लागते. ज्यांचे नातेवाईक मुंबईला किंवा कोकणात आहेत अशा रायपूरच्या मराठी कुटुंबांचा प्रवास तर आणखी लांबचा. मुले पहिल्यांदा समुद्र पाहतात तो बहुधा मे महिन्याच्या सुट्टीतला, शांत आणि निळा. भिंती फोडणारा समुद्र त्यांनी पाहिलेला असतो तो फक्त दूरदर्शनच्या बातम्यांत.

तरीही समुद्राशी उरल्याचे नाते जोडणारे दोन धागे आहेत. एक लोखंडाचा. येथे तयार होतात तशाच सळ्या किनाऱ्यावरच्या इमारतींत, धक्क्यांत आणि पुलांत घातल्या जातात आणि तिथे त्यांची गाठ खाऱ्या वाऱ्याशी पडते. दुसरा धागा पाण्याचा. रायपूरजवळून वाहणारी खारून नदी शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि महानदी ओडिशात पारादीपजवळ बंगालच्या उपसागराला. म्हणजे इकडच्या पावसाचे पाणी शेवटी किनाऱ्यावर पोहोचतेच. त्याच्याबरोबर पूर्वी आणखी एक वस्तू मोठ्या प्रमाणावर पोहोचत असे. ती आता पुरेशी पोहोचत नाही, आणि किनाऱ्यावरच्या भिंतींच्या आयुष्याशी तिचा फार जवळचा संबंध आहे. पण त्याआधी लाट म्हणजे काय ते पाहू.

लाट फुटते कशी?

खोल समुद्रातली लाट पाणी वाहून आणत नसते. पाण्यावर तरंगणारा नारळ पाहिला तर तो लाटेबरोबर किनाऱ्याकडे धावत सुटत नाही. वर जातो, थोडा पुढे सरकतो, खाली येतो, थोडा मागे जातो. वाऱ्याची झुळूक भाताच्या शेतावरून धावते, पण रोपे जागच्या जागीच डोलतात, तसेच हे. पुढे जाते ती शक्ती.

किनारा जवळ येऊ लागला की लाटेला तळ लागतो. तिचा खालचा भाग अडखळतो, मागून येणारे पाणी मात्र थांबत नाही. लाट उंच होत जाते, तिची पुढची बाजू भिंतीसारखी उभी राहते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की तिचा माथा पुढे कोसळतो. दोन मीटर उंचीची लाट साधारण अडीच मीटर खोलीच्या पाण्यात फुटते. हा ठोकताळा आहे, किनाऱ्याच्या उतारानुसार तो थोडा इकडेतिकडे होतो. पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. उथळ पाण्यात मोठी लाट येऊच शकत नाही. ती वाटेतच फुटते. भिंतीपुढे पाणी किती खोल आहे, यावर तिच्यापर्यंत केवढी लाट पोहोचणार हे ठरते.

आता एक उभी दगडी भिंत डोळ्यांसमोर आणू. ओहोटी असेल तर लाट दूर फुटते आणि भिंतीपर्यंत फक्त फेसाळ पाणी येते. पाणी फारच खोल असेल तर लाट न फुटताच भिंतीवर वर चढते, खाली उतरते आणि मागे परतते. दिसायला हे भीतीदायक असले तरी भिंत ते सहसा सोसते. घात होतो तो या दोन्हींच्या मधल्या स्थितीत. लाटेची पुढची बाजू अगदी उभी झाली आहे, माथा कोसळण्याच्या बेतात आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी समोर भिंत येते. तेव्हा पाण्याचा सपाट पट्टा एकदम भिंतीवर थापटला जातो. ओल्या कपड्याचा पिळा दगडावर आपटावा तसा आवाज होतो, फक्त कितीतरी पट मोठा.

या थापटीचा जोर मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न स्कॉटलंडच्या टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृह बांधणाऱ्या अभियंत्याने केला. ('ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील.) स्प्रिंग लावलेले एक साधे यंत्र त्यांनी समुद्रातल्या खडकावर बसवले. मार्च १८४५ मध्ये स्केरीव्होर येथे त्यावर दर चौरस फुटाला सहा हजार पौंडांहून अधिक दाब नोंदला गेला. आजच्या हिशेबाने चौरस मीटरला जवळजवळ तीस टन. घराच्या साध्या दाराएवढ्या जागेवर हा भार भरलेल्या दोन-तीन मालट्रकांएवढा होतो.

इतके माहीत असूनही याच स्टीव्हन्सन यांचा विक बंदरातला बंधारा टिकला नाही. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला असलेल्या या बंदरात लोखंडी दांड्यांनी एकत्र जखडलेला सुमारे १३५० टनांचा ठोकळा १८७२ च्या डिसेंबरातल्या वादळाने अखंडच्या अखंड उचलून बाजूला टाकला. त्याच्या जागी २६०० टनांचा बसवण्यात आला. १८७७ मध्ये समुद्राने तोही नेला. वजन वाढवत नेणे हा लाटेवरचा उपाय नव्हे, हे त्या काळच्या अभियंत्यांना फार महागात कळले.

अडकलेल्या हवेचा तडाखा

थापटीचा तडाखा सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढाच टिकतो. पण तेवढ्या वेळात दाब नेहमीच्या कितीतरी पट चढतो. ब्रिटिश सैन्यातील अभियंते आणि वाळवंटातल्या वाळूचे अभ्यासक म्हणून गाजलेले बॅग्नोल्ड यांनी १९३९ मध्ये प्रयोगशाळेतील कृत्रिम लाटांवर याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोसळता माथा आणि भिंत यांच्यामध्ये हवेचा पातळ थर कोंडला जातो. पाणी त्याला दाबते, आणि दबलेली हवा आपला राग भिंतीवर काढते.

ही हवा भिंतीत असलेल्या भेगांतही शिरते. दोन दगडांच्या सांध्यातला चुना किंवा सिमेंट निघालेले असेल तर लाट आदळताक्षणी आतली हवा आणि पाणी पाचर ठोकावी तसे आत दाबले जाते. लाट मागे फिरली की बाहेरचा दाब एकदम नाहीसा होतो, पण आतला दाब उरतो. तो दगडाला बाहेर, समुद्राकडे ढकलतो. म्हणून लाटांनी उखडलेले दगड अनेकदा आत पडण्याऐवजी समुद्राच्या बाजूला पडलेले सापडतात. एका लाटेने दगड केसाएवढाच हलतो. पण दर दहा सेकंदांना एक लाट धरली तर दिवसात आठ हजारांहून अधिक लाटा होतात. दात हलू लागला की जीभ त्याला स्वस्थ बसू देत नाही, तशीच ही गत.

एक दगड निघाला की शेजारच्या दोघांचा आधार जातो. किनाऱ्यावरच्या जुन्या भिंतींत एखादे भगदाड एका रात्रीत पडल्यासारखे दिसते, ते याचमुळे. शेवटचा धक्का त्या रात्रीचा असतो. सुरुवात झालेली असते काही पावसाळे आधी, कोणी न बुजवलेल्या एका सांध्यातून.

टाचेखालचा खड्डा

समुद्रात पाय भिजवत उभे राहिले की परतणारे पाणी टाचेखालची वाळू ओढून नेते आणि आपण हळूहळू मागे कलू लागतो. हा अनुभव लहान मुलांनाही असतो आणि त्यांना त्यात मजा वाटते. भिंतीच्या पायथ्याशी हेच घडते. उभ्या भिंतीवर आपटलेले पाणी सरळ खाली येते आणि पायथ्याची वाळू ढवळते. परतणारा ओघ ती घेऊन जातो. अभियंत्यांचा ढोबळ नियम असा की भिंतीपुढे येणारी लाट जेवढी उंच, जवळपास तेवढा खोल खड्डा पायथ्याशी पडू शकतो. दोन मीटरची लाट, तर दोन मीटरचा खड्डा. भिंतीचा पाया दीडच मीटर खोल असेल तर पुढे काय होणार ते सांगायला नको.

यात सर्वांत वाईट भाग असा, की खड्डा पडला म्हणजे तेथील पाण्याची खोली वाढते. खोली वाढली की आधी दूर फुटणारी मोठी लाट थेट भिंतीपर्यंत येऊ लागते. ती आणखी मोठा खड्डा पाडते. भिंतीनेच आपल्या शत्रूला वाट करून द्यावी असे हे चक्र आहे. वरून पाहणाऱ्याला मात्र भिंत पूर्वीसारखीच धट्टीकट्टी दिसते, आणि तिच्यावर बसून भुट्टे खाणाऱ्यांना कसलीच शंका येत नाही.

भिंतीच्या मागच्या बाजूलाही धोका असतो. लाट कठड्यावरून उडून मागे पडते, ते पाणी भिंतीमागच्या भरावात मुरते. ते निघून जायला वाट नसेल तर भराव फुगतो आणि भिंतीला आतून समुद्राकडे ढकलू लागतो. वाट असेल पण गाळणी नसेल, तर पाण्याबरोबर मातीही वाहून जाते आणि आत पोकळी होते.

इंग्लंडमधील डॉलिश या गावी असेच काहीसे झाले. समुद्राच्या अगदी काठाने जाणारा तेथील रेल्वेमार्ग १८४६ पासूनचा, अभियंता ब्रुनेल यांनी आखलेला. फेब्रुवारी २०१४ मधील वादळी रात्री त्याखालची सुमारे ऐंशी मीटर भिंत फुटली आणि मागचा भराव वाहून गेला. सकाळी रूळ स्लीपरांसकट हवेत झोपाळ्यासारखे लोंबकळत होते. मार्ग पुन्हा सुरू व्हायला एप्रिलची चार तारीख उजाडली. पावणेदोनशे वर्षांत त्या भिंतीने कित्येक वादळे झेलली होती.

टेट्रापॉड काय करतात?

मुंबईला मरीन ड्राइव्हवर फिरायला गेलेल्या पाहुण्यांचा हमखास प्रश्न असतो, की कठड्याखाली हे चार पायांचे सिमेंटचे राक्षस कशाला टाकून ठेवले आहेत? त्यांचे नाव टेट्रापॉड. १९५० मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथील जलविज्ञान प्रयोगशाळेत त्यांचा शोध लागला आणि मोरोक्कोत कासाब्लांका येथे ते प्रथम वापरले गेले.

अनेकांची समजूत अशी, की ते लाटेला अडवतात. खरे तर ते लाटेला आत घेतात. टेट्रापॉडच्या ढिगात जवळजवळ अर्धी जागा मोकळी असते. लाट त्या पोकळ्यांत शिरते, तिचे शेकडो तुकडे होतात, ते एकमेकांवर आदळतात आणि पाण्याची शक्ती फेसात आणि खळखळाटात संपून जाते. वर चार पाय एकमेकांत अडकत असल्याने ढीग सहसा ढळत नाही. कोकणात शेताच्या बांधाला चुन्याशिवाय नुसते दगड रचून गडगा घालतात. पावसाचे पाणी त्यातून गाळून निघून जाते आणि गडगा उभा राहतो. सिमेंटची भिंत मात्र मागे साचलेल्या पाण्याने फुगून पडते. टेट्रापॉडमागचे तत्त्व कोकणातल्या शेतकऱ्याला नवे नाही.

किनारा मार्गाच्या कामासाठी मरीन ड्राइव्हचे काही टेट्रापॉड हलवण्यात आले, तेव्हा २०२२ मध्ये समोरच्या इमारतींतील रहिवाशांनी भरतीच्या वेळी घराला हादरे बसत असल्याची तक्रार केली होती. ठोकळे जागेवर असताना त्यांचे काम कोणाच्या लक्षात येत नव्हते.

पण टेट्रापॉड म्हणजे रामबाण इलाज असेही नाही. पोर्तुगालमध्ये सिनेस बंदराचा प्रचंड बंधारा जवळजवळ पूर्ण होत आला असताना १९७८ च्या फेब्रुवारीत वादळ झाले. त्यावर डोलोस नावाचे, दक्षिण आफ्रिकेत निघालेले, प्रत्येकी ४२ टनांचे ठोकळे होते. लाटांनी ते जागच्या जागी डुलू लागले आणि हजारोंच्या संख्येने मोडले. ठोकळा दुप्पट मोठा केला की त्याचे वजन आठपट होते, पण मोडण्याला विरोध करणारी ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. उंट मोठा असला म्हणून त्याची मान जाड होत नाही!

दगडांच्या बंधाऱ्याचेही एक गणित आहे. लाटेची उंची दुप्पट झाली तर तिच्यापुढे टिकण्यासाठी दगडाचे वजन दुप्पट नव्हे, आठपट लागते. हडसन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. दीड मीटरच्या लाटेचा हिशेब करून रचलेल्या बंधाऱ्यापुढे खड्डा पडला आणि तीन मीटरची लाट आत येऊ लागली, तर काल पुरेसा असलेला एक टनाचा दगड आज गोट्यासारखा उडतो.

असे हिशेब कागदावर पुरत नाहीत म्हणून ते पाण्यात करून पाहिले जातात. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, जिची सुरुवात १९१६ मध्ये झाली, बंदरे आणि बंधारे यांच्या छोट्या प्रतिकृती हौदात मांडून त्यांवर लाटा सोडते. समजा प्रतिकृती ३६ पट लहान केली, तर चार टनांचा टेट्रापॉड अवघ्या ८६ ग्रॅमचा होतो, एखाद्या मध्यम आकाराच्या बटाट्याएवढा. सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या शेडमध्ये अशा बटाट्यांवर पश्चिम किनाऱ्याच्या कित्येक बंदरांचे भवितव्य ठरले आहे.

कोकणात सरकारी भाषेत या भिंतींना 'धूपप्रतिबंधक बंधारा' म्हणतात. गावात मात्र नुसते 'बंधारा'. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावाचे आयुष्य वर्षानुवर्षे या बंधाऱ्याभोवती फिरत आले आहे. दगड टाकायचे, पावसाळ्यात ते खचायचे, पुन्हा टाकायचे. दगडांखाली बारीक खडीचा किंवा गाळणीच्या कापडाचा थर नीट नसेल तर खालची वाळू दगडांच्या फटींतून निसटते आणि वरचे दगड जमिनीत बुडत जातात. पैसे मग अक्षरशः वाळूत जातात. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' नावाचे जहाज भरकटत येऊन याच बंधाऱ्यावर अडकले आणि पुढची काही वर्षे लाटांबरोबर तिथेच आदळत राहिले. बंधाऱ्याच्या नशिबात तेवढेच बाकी होते!

मीठ आणि लोखंड

लाट आदळली नाही तरी तिचे तुषार उडतच असतात. मुरूडच्या समुद्रात जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग आहे. या शिवकालीन किल्ल्याच्या तटावर एक चमत्कार पाहायला मिळतो. काही ठिकाणी दगड झिजून बोट-बोट आत गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. कारागिरांचे कौतुक करावे तेवढे थोडे. कारण मात्र मिठाचे आहे. खारे पाणी दगडाच्या छिद्रांत मुरते, उन्हाने सुकते, मिठाचे खडे होतात, ते छिद्रांना आतून ताणतात आणि दगड कणाकणाने सुटतो. त्या काळच्या चुन्याने हे सोसले, दगडाने सोसले नाही.

आजच्या बांधकामात हीच गोष्ट सळईच्या बाबतीत होते. काँक्रीट दिसायला कितीही घट्ट असले तरी त्यातून मीठ हळूहळू आत झिरपते. सळईपर्यंत पोहोचले की ती गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि त्याचे पापुद्रे निघतात. कायम पाण्याखाली असलेल्या भागापेक्षा सतत भिजणाऱ्या आणि सुकणाऱ्या भागात हे जास्त होते, कारण तेथे मीठही मिळते आणि हवाही. लाटेने भेगा पाडायच्या आणि मिठाने त्या रुंद करायच्या, अशी ही जोडगोळी आहे.

उपाय महाग नाही, पण तो बांधताना करावा लागतो. आपल्या देशाच्या आयएस ४५६ या २००० सालच्या मानकानुसार साध्या हवामानात सळईवर काँक्रीटचे २० मिलिमीटर आवरण चालते. समुद्राचे तुषार लागणाऱ्या जागी ते ५० हवे आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. काँक्रीटही तेथे एम-३५ आणि एम-४० असे चढत्या दर्जाचे लागते. उरल्याची असो वा आणखी कुठली, सळई तीच. रायपुरात ज्या आवरणाखाली ती जन्मभर सुखाने राहील त्याच आवरणाखाली किनाऱ्यावर काही वर्षांत गंजून जाईल. कोकणात निवृत्तीनंतर घर बांधू पाहणाऱ्यांनी ठेकेदाराला भिंतींच्या रंगाआधी हा आकडा विचारावा.

कठड्यावर उभे राहणाऱ्यांसाठी

मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. ती यादी पाहून लोकांनी घरी थांबावे हा हेतू असतो. प्रत्यक्षात पुष्कळजण ती पाहूनच मुलाबाळांना घेऊन मरीन ड्राइव्हला किंवा वरळीला जातात.

एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. तीन तासांत किनाऱ्यावर साधारण हजार लाटा येतात. त्यांतील मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी उंची दोन मीटर असेल तर हजारातली सर्वांत मोठी लाट पावणेचार मीटरच्या जवळपास असते. म्हणजे अर्धा तास निरीक्षण करून 'पाणी इथवर येत नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्याने ती लाट अजून पाहिलेलीच नसते. २०२३ च्या जुलैत वांद्र्याच्या बॅंडस्टँडवर खडकांवर बसलेल्या एका महिलेला अशाच एका लाटेने कुटुंबाच्या देखत ओढून नेले. परतणारे पाणी येणाऱ्या पाण्यापेक्षा दगाबाज असते. गुडघाभर वेगवान पाण्यात धडधाकट माणसाचाही पाय ठरत नाही.

भिंत स्वतःही नेहमी भरवशाची नसते. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी गेटवे ऑफ इंडियाजवळच्या समुद्राकडील कठड्याचे नुकसान झाले. कठड्याला नवी भेग दिसत असेल, फरशी मध्येच खचली असेल किंवा पायाखाली पोकळ आवाज येत असेल तर भिंतीमागचा भराव आतून निघून गेलेला असू शकतो. अशा जागी उभे राहू नये आणि पालिकेला कळवावे.

सर्वांत चांगली भिंत

लाट फोडण्याचे सर्वांत चांगले साधन कोणीही बांधलेले नाही. ते म्हणजे वाळूची पुळण. कोकणात दर पावसाळ्यात पुळण खचते आणि लोक हवालदिल होतात. पण ती वाळू बरीचशी जवळच, थोड्या आत, पाण्याखाली दांड्यासारखी साठते. तेथे पाणी उथळ होते आणि मोठ्या लाटा दूरच फुटतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू पुन्हा किनाऱ्यावर आणून घालतात. समुद्र दर वर्षी स्वतःचा बंधारा बांधतो आणि मोडतो. त्याच्या या जागेवरच आपण घर, हॉटेल किंवा रस्ता बांधला, मग तो वाचवण्यासाठी उभी भिंत घातली, आणि वर पुळणीतून वाळूचे ट्रक भरले, तर हा व्यवहार कायमचा मोडतो. भिंत राहते, पुळण जाते. काही वर्षांनी भिंतही जाते.

वाळूचा पुरवठा करतात नद्या. पारादीपच्या किनाऱ्याला तो महानदी करते. छत्तीसगडच्या डोंगरांतून आणि शेतांतून निघालेला गाळ आणि वाळू हजारो वर्षे या वाटेने समुद्रात जात होती. १९५७ मध्ये संबळपूरजवळ हिराकुड धरण उभे राहिले. पुढे महानदीवर आणि तिच्या उपनद्यांवर इतरही धरणे आणि बंधारे झाले. धरणांनी पाणी, वीज आणि पूरनियंत्रण दिले, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी सांडव्यावरून पुढे गेले तरी वाळू मागेच राहते. सुरुवातीला म्हटलेली वस्तू ती हीच.

पारादीपला आणखी एक गोष्ट झाली. ओडिशाच्या किनाऱ्यावर लाटा तिरप्या येत असल्याने वाळू दर वर्षी लाखो घनमीटर या प्रमाणात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. १९६६ मध्ये बंदर सुरू झाले आणि त्याच्या बंधाऱ्यांनी ही वाट अडवली. वाळू दक्षिणेला साचू लागली आणि उत्तरेचा किनारा खाल्ला जाऊ लागला. तेथे दगडी भिंत घालावी लागली, शिवाय दक्षिणेची वाळू पंपाने उचलून उत्तरेला टाकण्याची व्यवस्था करावी लागली. एका ठिकाणी अडवलेली वाळू दुसऱ्या ठिकाणी हाताने पोहोचवण्याचा हा खटाटोप बंदर आहे तोवर चालू ठेवावा लागणार आहे.

त्याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेला, केंद्रपाडा जिल्ह्यातील पेंठा गावापुढे समुद्र मातीचे बांध एकामागून एक गिळत आला. तेथे २०१६ मध्ये वाळूने भरलेल्या मजबूत कापडी नळकांड्या एकमेकींवर रचून, त्यांवर दगड घालून सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा बंधारा उभारण्यात आला. उभ्या भिंतीऐवजी उतरता, आणि वाळूलाच वाळूने वाचवणारा, असा हा उपाय होता.

शेजारच्या सातभायाला मात्र उपाय उरला नव्हता. नावाप्रमाणे एके काळी तो सात गावांचा समूह. त्यांतील बहुतेक गावे एकेक करून पाण्यात गेली. धूप होण्याची कारणे तेथे अनेक आहेत, एकट्या धरणांवर किंवा एकट्या बंदरावर बोट ठेवता येत नाही. २०१८ पर्यंत उरलेल्या कुटुंबांना आतल्या भागात बागपतिया येथे जमीन देऊन हलवणे भाग पडले. गावच्या पंचुबराही देवीच्या मंदिरात पूजेचा मान पिढ्यान्‌पिढ्या विवाहित कोळी स्त्रियांचा. पुरुषांनी मूर्तींना स्पर्शही करायचा नाही असा दंडक होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये समुद्र मंदिराच्या अगदी जवळ आला. पाच दगडी मूर्ती बायकांना उचलण्यासारख्या नव्हत्या. गावाने पुरुषांना परवानगी दिली, मूर्ती बागपतियाच्या नव्या मंदिरात नेण्यात आल्या, आणि पूजा पुन्हा स्त्रियांच्या हाती सोपवण्यात आली.